केशर की कोल्चिकम? एकाच पाकिटातल्या दोन कंदांचं प्रकरण

एका हौशी बागकाम करणाऱ्या बाईंनी उन्हाळा सरता सरता कंदांचं एक पाकीट मागवलं. पाकिटावर 'ऑटम क्रोकस' एवढीच अक्षरं आणि जांभळ्या फुलांचं एक चित्र. शास्त्रीय नाव कुठेही नाही. त्यांना केशर लावायचं होतं. केशर म्हणजे क्रोकस आणि ते शरदात फुलतं, हे त्यांनी वाचलेलं होतं. तेव्हा पाकिटात केशरच असणार असं त्यांनी धरून चाललं. बहुतेक कंद लांबट कुंडीत लावले. काही थोराड कंद उरले, ते खिडकीजवळ एका ताटलीत कोरडेच ठेवून दिले.

ताटलीतले कंद आधी फुलले. माती नाही, पाणी नाही, एकही पान नाही, आणि तरी फिकट जांभळी, सहा पाकळ्यांची देखणी फुलं. बाईंनी फुलांच्या मधले सगळे तंतू चिमटीने काढले आणि कागदावर पसरून सावलीत वाळवले. तंतू वाळले, पण लाल झाले नाहीत. काही पिवळे राहिले, काही पांढुरके. मग त्यांनी मला फोटो पाठवून विचारलं, "केशर अजून कच्चं आहे का? की वाळवताना काही राहून गेलं?" खालच्या ओळीत लिहिलं होतं की संध्याकाळी थोडे तंतू कोमट पाण्यात टाकून रंग आणि चव बघणार आहेत.

त्या खालच्या ओळीमुळे मी आधी फोन केला, फोटो नंतर नीट बघितला. सांगितलं ते इतकंच: काहीही चाखू नका, हात साबणाने धुवा, लहान मुलं आणि पाळीव प्राणी त्या खोलीत जाऊ देऊ नका, आणि काहीही फेकू नका. तंतू, फुलं, कंद, पाकीट, सगळं जसंच्या तसं ठेवा. झाडाची ओळख पटवायची असेल तर नमुना हवा, आणि कुणाच्या पोटात काही गेलंच तर डॉक्टरांनाही तोच नमुना लागतो.

फोटोत काय दिसत होतं

फोटोत एक फूल समोरून, अगदी जवळून घेतलेलं होतं. त्यात सहा पुंकेसर, म्हणजे पराग तयार करणारे तंतू, मोजता येत होते. सहा पिवळे परागकोश, स्पष्ट, एकमेकांपासून सुटे. एवढ्यावरच ताटलीतलं फूल केशराचं नाही हे ठरलं. संशय होता तो कोल्चिकमचा, केशरासारख्याच दिसणाऱ्या एका विषारी झाडाचा. बाकीची सगळी तपासणी ही खातरजमा होती.

एका आकड्यावर एवढा भरवसा का, ते समजून घेण्यासारखं आहे. एकबीजपत्री (बीमध्ये एकच दल असणाऱ्या) वनस्पतींच्या फुलाचा मूळ आराखडा तीनच्या पटीत असतो. बाहेर तीन परिदलं (पाकळ्यांसारखी दलं), आत तीन परिदलं. पुंकेसरांची बाहेरची फेरी तीनची, आतली फेरी तीनची. आणि मध्यभागी तीन कप्प्यांचा अंडाशय. केशर ज्या कुलात येतं त्या इरिडेसी कुलात पुंकेसरांची आतली फेरी उत्क्रांतीच्या ओघात नाहीशी झाली आहे. आयरिस, ग्लॅडिओलस, क्रोकस, सगळ्यांत पुंकेसर तीनच. कोल्चिकम ज्या कोल्चिकेसी कुलात येतं तिथे दोन्ही फेऱ्या शाबूत आहेत, म्हणून पुंकेसर सहा. कळलावी याच कुलातली. तिच्या उलट्या वळलेल्या पाकळ्यांखाली पसरलेले सहा पुंकेसर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा आराखडा लगेच ओळखू येईल.

रंग पाणी, माती, वय, उजेड यांनुसार बदलतो. फुलाचा आकार कंदाच्या वजनावर ठरतो. पुंकेसरांची संख्या मात्र हवामानाने बदलत नाही, कारण ती अख्ख्या कुलाची ठेवण आहे. एखादं विकृत फूल निघू शकतं, म्हणून एका फुलावर न थांबता हाताशी असतील तेवढ्या फुलांत मोजावं. बाईंना मी तेच करायला सांगितलं. ताटलीतल्या प्रत्येक फुलात सहा निघाले.

कुंडीतली फुलं तोवर उमलायची होती. ती उमलली तेव्हा प्रकरणाला वेगळंच वळण लागलं, कारण कुंडीत दोन प्रकारची फुलं निघाली. काही ताटलीतल्यासारखी, आणि काही थोडी बुटकी, गडद शिरांची, मधून लालभडक तंतू बाहेर लोंबणारी. दोन्हीच्या पाकळ्या सहा, दोन्ही जांभळ्या, दोन्ही जमिनीतून थेट वर आलेल्या. पाकिटात दोन वेगळ्या जाती एकत्र होत्या.

दोन फुलं, एक ब्लेड

प्रत्येक प्रकारचं एक फूल कंदासकट उपटून, हातमोजे घालून, पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवलं. शिक्षकांनी वर्गात दाखवावी अशी ही तुलना आहे, म्हणून ती जरा सावकाश सांगतो.

आधी केशराचं फूल, क्रोकस सॅटायव्हस. वरून बघितलं तर तीन पुंकेसर, पिवळे. त्यांच्यामधून, अंडाशयापासून वर येणारा कुक्षीवृंत (टोकाशी परागकण झेलणारा दांडा) एकच. तो नळीच्या आत फिकट पिवळा असतो आणि फुलाच्या गळ्याशी आला की त्याच्या तीन शाखा होतात. या शाखा गडद लाल, टोकाकडे रुंदावत गेलेल्या, कडांना बारीक दातेरी, प्रत्येकी साधारण 25 ते 32 मिलिमीटर लांब. त्या पुंकेसरांपेक्षा लांब असतात आणि फूल उमललं की पाकळ्यांच्या फटीतून बाहेर लोंबतात. वाळवून केशर होतं ते याच शाखांचं. त्या उमलल्या क्षणापासून लाल असतात. वाळवल्यामुळे लाल होत नाहीत. बाईंच्या 'कच्चं आहे का' या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. केशर कच्चं असताना पांढरं आणि पिकल्यावर लाल, असा प्रकार नाही.

आता कोल्चिकम ऑटम्नेल. पुंकेसर सहा. कुक्षीवृंत तीन, आणि तिन्ही अगदी मुळापासून सुटे. ते पांढुरके, दोऱ्यासारखे बारीक, टोकाशी जरा वाकलेले. लाल रंगाचा मागमूस नाही. बाईंनी वाळवलेल्या तंतूंत पिवळे होते ते पुंकेसर आणि पांढुरके होते ते हे कुक्षीवृंत.

मग ब्लेडने दोन्ही फुलांची नळी वरून खाली उभी चिरली. या दोन्ही फुलांना देठ म्हणावा असा देठ जमिनीवर दिसत नाही. जो पांढरा लांब देठ वाटतो ती पाकळ्यांचीच जुळून झालेली नळी असते आणि ती थेट मातीत शिरते. अंडाशय खाली, कंदाच्या लगत. कोल्चिकमची नळी चिरत खाली गेलो तर ती अंडाशयाच्या भोवतीने उतरलेली दिसली: अंडाशय नळीच्या आत बसलेला, आणि त्याच्या माथ्यावरून तीन पांढरे दोरे वेगवेगळे निघून फुलापर्यंत गेलेले. केशराची नळी चिरली तर ती अंडाशयाच्या डोक्यावर येऊन संपली; अंडाशय नळीच्या खाली, बाहेर. म्हणजे कोल्चिकमचा अंडाशय ऊर्ध्वस्थ (पाकळ्यांच्या जोडाच्या वर), केशराचा अधःस्थ (जोडाच्या खाली). दोन्ही जमिनीखाली असल्यामुळे वरून हा फरक कुणालाच दिसत नाही. खोदून आणि चिरूनच कळतो.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने सगळ्यात खोल फरक हाच. दिसायला इतकी सारखी असलेली ही दोन फुलं एकाच गणातही, म्हणजे कुलांच्या एकाच मोठ्या गटातही, मोडत नाहीत. केशर अॅस्परागेल्स गणात, कोल्चिकम लिलिएल्स गणात. या दोन शाखा दहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. केशराचं नातं कोल्चिकमपेक्षा कांद्याशी आणि ऑर्किडशी जवळचं आहे.

कंदावरूनही कळतं

फूल येण्याआधीच सावध व्हायचं असेल तर कंद बघावा. रोपवाटिकांत सगळ्यालाच कंद किंवा बल्ब म्हणतात, पण ही दोन्ही झाडं भरीव घनकंदाची आहेत. कांद्यासारखे पापुद्रे आत निघत नाहीत. केशराचा कंद गोलसर, वरून-खालून दाबल्यासारखा चपटा, आणि त्यावर बारीक तंतूंचं आवरण. हे तंतू जवळजवळ समांतर जातात आणि माथ्याकडे त्यांची जाळी होते. कोंब माथ्यावरून निघतो. कोल्चिकमचा कंद मोठा, लांबट, एका बाजूला फुगलेला, दुसऱ्या बाजूला सपाट. आवरण गडद तपकिरी, चामड्यासारखं, तंतूंचं नाही. कोंब माथ्यावरून न येता कंदाच्या बाजूच्या खोबणीतून, तळाकडून निघतो. ताटलीत ठेवलेले 'थोराड' कंद असेच होते. बाईंनी आकाराने मोठे म्हणून ते चांगले मानले होते.

ज्यांना एकच खूण लक्षात ठेवायची आहे त्यांनी पुंकेसर मोजावेत. पण कंद विकत घेणाऱ्याच्या हातात फूल नसतं, म्हणून आवरणाची ही खूण मला तितकीच कामाची वाटते.

बाईंचे पुरावे आणि त्यांचं वजन

बाईंनी केलेला तर्क चुकीचा ठरला तरी तो निष्काळजी नव्हता. त्यांच्याकडे पाच पुरावे होते, आणि ते एकेक करून तपासले की ओळख पटवण्याच्या कामात कशाला किती वजन द्यायचं ते कळतं.

पहिला पुरावा नावाचा. 'ऑटम क्रोकस' हे व्यापारी नाव शरदात फुलणाऱ्या खऱ्या क्रोकसला लावतात आणि कोल्चिकमलाही लावतात. कोल्चिकमला इंग्रजीत 'मेडो सॅफ्रन' असंही म्हणतात, म्हणजे 'सॅफ्रन' हा शब्द लिहिलेला असला तरी भरवसा नाही. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली दोघांना वेगवेगळी शास्त्रीय नावं दिली, ती आजही तीच आहेत. पाकिटावर ते दोन लॅटिन शब्द असते तर हे प्रकरण घडलंच नसतं.

दुसरा पुरावा ऋतूचा. दोन्ही झाडं शरदात फुलतात. तिसरा रंगाचा, त्याबद्दल बोलणंच नको.

चौथा पुरावा सगळ्यात फसवा होता: मातीशिवाय फुललं. बाईंनी वाचलं होतं की केशराचे कंद बंदिस्त खोलीत, ट्रेमध्ये मातीविना फुलवतात. ते खरं आहे. केशराच्या कंदात फुलाची कळी उन्हाळ्यात, साधारण 23 ते 27 अंश सेल्सिअस तापमानात, आतल्या आत तयार होते आणि तापमान 15 ते 17 अंशांच्या आसपास उतरलं की बाहेर पडते. त्यासाठी लागणारं अन्न कंदातच साठवलेलं असतं. पण कोल्चिकमही नेमकं हेच करतो. खिडकीत कोरडा ठेवलेला त्याचा कंद फुलतो, ही त्याची जुनी ख्याती आहे. जी गोष्ट दोन्ही उमेदवारांना तितकीच लागू पडते, ती दोघांतला निवाडा करू शकत नाही.

पाचवा पुरावा पानांचा. फुलाबरोबर पान नव्हतं. इथे जरा बारकाई हवी. कोल्चिकम ऑटम्नेलला शरदात पान नसतं. फुलं येऊन जातात आणि पानं पुढच्या वसंतात येतात. केशराची पानं फुलाबरोबर किंवा फुलामागोमाग, त्याच शरदात येतात, पण काही वेळा फूल आधी आणि पान मागून असंही होतं. म्हणजे फुलाशेजारी पान दिसलं तर कोल्चिकम ऑटम्नेल बाद. पान दिसलं नाही तर काहीच सिद्ध होत नाही. एकाच निरीक्षणाचं वजन 'हो' आलं तर एक आणि 'नाही' आलं तर वेगळं असतं, हे ओळख पटवताना फार वेळा विसरलं जातं.

पाचही पुराव्यांत एक गोष्ट समान आहे. त्यातला एकही पुरावा बाईंनी 'हे केशर नसेल तर काय असेल?' या प्रश्नासमोर ठेवून पाहिला नव्हता. केशराशी जुळतं का, एवढंच पाहिलं, आणि ते जुळलं.

इतकी सारखी का?

हा प्रश्न बाईंनी विचारला आणि तो योग्य होता. नातं इतकं लांबचं, मग चेहरा एक कसा?

दोन्ही झाडांनी एकाच अडचणीवर एकसारखा तोडगा काढलेला आहे. वर्षाचा एक भाग झाडाला वाढता येत नाही, तो काळ जमिनीखाली साठवलेल्या अन्नावर काढायचा. मोसम बदलताच, पानांची वाट न बघता, फूल वर पाठवायचं. तेव्हा जमीन मोकळी असते आणि परागण करणाऱ्या कीटकांसमोर फारशी दुसरी फुलं नसतात. नाजूक अंडाशय थंडी आणि चरणारी जनावरं यांपासून जमिनीखाली सुरक्षित ठेवायचा, आणि त्यासाठी पाकळ्यांचीच लांब नळी करून तिच्यातून कुक्षीवृंत वर न्यायचा, म्हणजे परागणाची वाट खालपर्यंत तयार राहते. या गरजा एकदा मान्य केल्या की फुलाचा बाह्य आकार जवळजवळ ठरूनच जातो. आतली मांडणी मात्र ज्या घराण्याची ती तशीच राहते. म्हणून बाहेरून साम्य शोधणारा फसतो आणि आत मोजणारा फसत नाही.

चूक कुठल्या बाजूला झाली तर काय

कोल्चिकमच्या सर्व भागांत कोल्चिसिन हे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारं तीव्र परिणामाचं रसायन, असतं. बिया आणि कंदांत ते विशेष जास्त. पेलेतिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी 1820 साली ते वेगळं काढलं. वाळवून किंवा उकळून ते नष्ट होत नाही. वाळलेल्या चाऱ्यात कोल्चिकम आलं तर जनावरांना विषबाधा होते ती म्हणूनच. बाईंनी तंतू वाळवल्यामुळे त्यातला धोका कमी झालेला नव्हता.

हे विष काम कसं करतं? पेशीच्या आत ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या कणांपासून सूक्ष्मनलिका बांधल्या जातात. पेशी विभागते तेव्हा गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढून नेणारी चौकट याच नलिकांची असते. कोल्चिसिन ट्युब्युलिनला चिकटतं आणि नलिका बांधल्याच जात नाहीत. विभाजन अर्ध्यावर अडतं. शरीरात ज्या पेशी सतत विभागत असतात, आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा, त्यांना पहिला तडाखा बसतो.

लक्षणं उशिरा दिसतात, आणि हाच याचा सगळ्यात घातक भाग. खाल्ल्यावर काही तास माणूस ठीक असतो. मग उलट्या, जुलाब, पोटात कळा. त्यानंतर एक ते सात दिवसांच्या काळात रक्तपेशी घटणं, मूत्रपिंड, यकृत, हृदय निकामी होत जाणं. त्यातून वाचलेल्यांचे केस पुढे गळतात. शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे 0.8 मिलिग्रॅमहून अधिक कोल्चिसिन पोटात गेलं तर ते बहुतेक वेळा प्राणघातक ठरतं असं विषवैद्यकात मानतात, आणि त्याहून पुष्कळ कमी मात्रेतही मृत्यू झालेले आहेत. नेहमीच्या वापरात असलेला उतारा नाही. उपचार म्हणजे शरीराला आधार देत राहणं. म्हणून कुणी चुकून खाल्लं असेल तर लक्षणांची वाट न पाहता, घरगुती उपाय न करता, झाडाचा नमुना घेऊन सरळ रुग्णालय गाठायचं.

हेच कोल्चिसिन अगदी नेमक्या, अल्प मात्रेत गाउट या सांधे सुजवणाऱ्या विकारावरचं औषध आहे. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं, म्हणून गोळीवर आकडा लिहिलेला असतो. फुलावर कुठला आकडा नसतो.

चार तंतू चाखून बाईंना नेमकं काय झालं असतं ते सांगता येत नाही. तंतू थोडे होते. पण निर्णय त्या हिशेबावर घ्यायचाच नसतो. केशराला कोल्चिकम समजलं तर चिमूटभर केशर वाया जातं. कोल्चिकमला केशर समजलं तर जीव जाऊ शकतो. दोन चुका इतक्या असमान असताना पुराव्याचा भार समान वाटून चालत नाही. 'हे केशर आहे' असं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. 'हे केशर नसावं' म्हणणाऱ्याकडे नुसती शंका असली तरी पुरे.

पानांबाबतही हीच काळजी लागते, किंबहुना जास्त. युरोपात कोल्चिकमच्या विषबाधा होतात त्या बहुतेक वसंतात, फुलांमुळे न होता पानांमुळे. तिथे लोक रानलसणीची, म्हणजे अॅलियम उर्सिनमची पानं जंगलातून खुडून आणतात आणि त्यात कोल्चिकमची पानं मिसळतात. वास घेऊन ओळखू म्हणणारेही फसतात, कारण दोन-चार खरी पानं खुडली की बोटांनाच लसणीचा वास लागतो आणि मग हातातलं प्रत्येक पान लसणीचंच वाटतं.

उरलेली फुलं तरी केशराची का?

कुंडीतल्या तीन पुंकेसरांच्या फुलांकडे वळू. तीन पुंकेसर म्हणजे क्रोकस, इथवर ठीक. पण क्रोकस प्रजातीत अनेक जाती आहेत आणि शरदात फुलणाऱ्याही बऱ्याच. क्रोकस स्पेसिओसस घ्या: जांभळी फुलं, तीन पुंकेसर, पण कुक्षीच्या शाखा केशरी आणि पुन्हा पुन्हा फाटून झुपका झालेल्या, आणि पानं वसंतात. कुंडीतल्या फुलांत शाखा नेमक्या तीन, अखंड, लाल, लांब. आणि शेजारी पानं त्याच वेळी वर आलेली. पान दोन-अडीच मिलिमीटर रुंद, गवतासारखं, वरच्या बाजूला मधोमध पांढरी रेघ. या पांढऱ्या रेघेला क्रोकसची सहीच म्हणता येईल.

तरीही एक जवळचा नातेवाईक उरतो. क्रोकस कार्टराइटिआनस ही ग्रीसमधली रानटी जात केशराची पूर्वज आहे. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. तिच्याही कुक्षी लाल आणि लांब असतात. फूल लहान, आणि मुख्य म्हणजे तिला बी धरतं. केशराला धरत नाही. केशर त्रिगुणित आहे: गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच, एकूण 24. प्रजननपेशी तयार होताना तीन संचांची समान वाटणी होत नाही, म्हणून झाड वांझ. जगातलं सगळं केशर माणसाने कंद विभागून, हाताने लावून टिकवलेलं आहे. माणसाने लावणं थांबवलं तर ते झाड रानात स्वतःहून पसरणार नाही.

इथे एक गोष्ट मला सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या कोल्चिसिनने पेशीविभाजन अडतं, त्याच्याच मदतीने वनस्पतींतल्या गुणसूत्रांची संख्या दुप्पट करता येते, हे 1937 च्या सुमारास लक्षात आलं. गुणसूत्रं दुप्पट झाली पण पेशी विभागली नाही, की दुप्पट संचाची पेशी तयार होते. बिनबियांचं कलिंगड याच वाटेने आलं: कोल्चिसिनने चतुर्गुणित (चार संचांचं) केलेलं झाड साध्या द्विगुणित (दोन संचांच्या) झाडाशी संकरित करायचं, आणि होणारी संतती केशरासारखीच त्रिगुणित आणि वांझ. या दोन झाडांची अशीही गाठ आहे, आणि ती बागेतल्या कुंडीतल्या साम्याहून मला कितीतरी सुंदर वाटते.

पुढे काय केलं

वाळवलेले सगळे तंतू, त्यात नंतर कुंडीतल्या फुलांतून खुडलेले काही खरे लाल तंतूही मिसळले होते, बंद पिशवीत घालून टाकून दिले. बाईंना लाल तंतूंचं वाईट वाटलं. पण कोल्चिकमच्या परागांबरोबर एकाच कागदावर वाळलेला माल निवडून वेगळा करण्यात काही अर्थ नव्हता.

फुललेल्या प्रत्येक कंदाशेजारी फुलं असतानाच खूण रोवली, कारण फूल गेल्यावर पुंकेसर मोजता येत नाहीत. कोल्चिकमचे कंद हातमोजे घालून काढले आणि वेगळ्या कुंडीत, मुलांच्या हाताला न लागेल अशा जागी लावले. कुंडीवर शास्त्रीय नाव आणि 'विषारी' हा शब्द. झाड उपटून नष्ट करावं असं मला वाटलं नाही आणि बाईंनाही नाही. फूल सुंदर आहे, फक्त त्याची जागा ठरलेली हवी.

वसंतात दोन्ही कुंड्यांनी राहिलेली शंका मिटवली. कोल्चिकमच्या कुंडीत पंचवीसेक सेंटिमीटर लांब, चार बोटं रुंद, तुकतुकीत हिरवी पानं आली, पांढरी रेघ नसलेली, आणि त्या पानांच्या मधोमध शरदातल्या फुलांची बोंडं जमिनीतून वर आली. ती पिकून तपकिरी व्हायच्या आधीच, बिया सांडू नयेत म्हणून, काढून टाकली. केशराच्या कुंडीत अरुंद पानं वाढत राहिली, बोंड एकही धरलं नाही, आणि पानं पिवळी पडल्यावर खोदलं तेव्हा सुकलेल्या जुन्या कंदाच्या माथ्यावर नवे छोटे कंद बसलेले मिळाले.

काही किरकोळ कंद त्या वर्षी फुललेच नाहीत. केशराचा कंद पुरेसा भरला नसेल तर तो नुसती पानं देतो, तसंच हे. त्यांची पानं अरुंद आणि पांढऱ्या रेघेची होती, म्हणजे कोल्चिकम नक्की नाही. पण पानावरून क्रोकस एवढंच ठरतं. कुठला क्रोकस ते ठरत नाही, आणि मिश्र पाकिटात तिसरी जात असणारच नाही असं कोण सांगणार? ते कंद वेगळ्या ट्रेमध्ये लावले आहेत. त्यांना फूल येईल, त्या फुलात तीन पुंकेसर आणि तीन अखंड लाल शाखा दिसतील, तोपर्यंत त्या ट्रेमधलं काहीही तोंडात जाणार नाही असं आमचं ठरलं आहे.